भट्टी न पेटवता तांबे: मलाजखंडच्या दगडावर जैव अपक्षालन कसे करावे

दरवर्षी जुलैमध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी विषय शोधत येतात आणि त्यांपैकी दोघे-चौघे तरी ‘पर्यावरणस्नेही धातुविज्ञान’ असे काहीतरी वहीवर लिहून आणतात. इंदुरातील आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेत गेली काही वर्षे अशा विद्यार्थ्यांकडून एकच प्रयोग करून घेतला जातो: बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडच्या खाणीतील कमी प्रतीच्या दगडातून जिवाणूंच्या मदतीने तांबे विरघळवून काढणे. हा प्रयोग ज्यांना आपल्याकडे करायचा आहे, अशा शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. यात गंधकाम्ल वापरावे लागते, त्यामुळे हे काम प्रयोगशाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली, चष्मा आणि हातमोजे घालूनच करावे. घराच्या गच्चीवर करू नये.

आधी या खटाटोपाचे कारण सांगितले पाहिजे. मलाजखंडच्या दगडातील मुख्य ताम्रखनिज चाल्कोपायराइट आहे, म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक यांचे संयुग. शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये वजनाने सुमारे ३४.६ टक्के तांबे आणि जवळजवळ तेवढेच गंधक असते. भट्टीत हे गंधक जळते, आणि एक टन तांब्यामागे साधारण दोन टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो, हा हिशेब अणुभारांवरून कोणीही मांडून पाहू शकतो. आधुनिक कारखाने हा वायू पकडून त्याचे गंधकाम्ल बनवतात. पण भट्टीला लागते समृद्ध खनिज. ज्या दगडात तांबे अर्धा-पाऊण टक्काच आहे, तो दळून, तरंगवून, समृद्ध करून भट्टीपर्यंत नेणे परवडत नाही आणि तो खाणीच्या कडेला ढिगाऱ्यात पडून राहतो. अशा दगडासाठी अपक्षालनाचा, म्हणजे त्यावर द्रावण सोडून धातू विरघळवून काढण्याचा, मार्ग आहे.

या मार्गातील कामगार म्हणजे अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडान्स हा जिवाणू. १९४७ साली कोल्मर आणि हिंकल यांनी अमेरिकेतील कोळसा खाणींच्या आम्लयुक्त पाण्यात तो ओळखला, आणि १९५८ मध्ये केनेकॉट कंपनीने तांब्याच्या अपक्षालनासाठी त्याच्या वापराचे पेटंट घेतले. हा जिवाणू दगड ‘खातो’ असे विद्यार्थी लिहितात, ते फारसे बरोबर नाही. दगडावर मुख्य हल्ला करते ते फेरिक, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेले, लोह. ते खनिजातील गंधकाचे बंध तोडून तांबे द्रावणात सोडते आणि तसे करताना एक इलेक्ट्रॉन परत घेऊन स्वतः फेरस होते आणि निकामी ठरते. जिवाणू या फेरसला हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने पुन्हा फेरिक बनवतो आणि त्यातून स्वतःची ऊर्जा मिळवतो. तीव्र आम्लात हे काम हवेवर सोडले, तर त्याला वर्षे लागतील; सिंगर आणि स्टम यांनी १९७० मध्ये दाखवले की जिवाणूंमुळे हा वेग सुमारे दहा लाख पटींनी वाढतो.

दगड हाती घेण्यापूर्वी आम्लाची वही

माझ्या मते या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे दोनशे पानी वही. तिच्या डाव्या पानावर यंत्रणेत गेलेले पाणी आणि आम्ल, उजव्या पानावर बाहेर आलेले. जिवाणूंचे कौतुक सर्वजण करतात. परंतु ही पद्धत स्वच्छ ठरते की घाणेरडी, हे या दोन पानांच्या मेळावरून ठरते. फिनलंडमधील टाल्विवारा येथे २००८ पासून निकेलसाठी जैव अपक्षालनाचा मोठा प्रकल्प चालत होता. तेथे नोव्हेंबर २०१२ मध्ये जिप्समचा तलाव फुटून धातुयुक्त पाणी आसपासच्या जलाशयांत गेले.

दगड खाणीकडून महाविद्यालयाच्या पत्रावर रीतसर मागवावा. तो आला की पहिली चाचणी आम्लाच्या भुकेची करावी. पन्नास ग्रॅम दगडाचे बारीक पीठ २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळत ठेवावे आणि सामू, म्हणजे पीएच, २ वर टिकून राहील इतके एक नॉर्मल गंधकाम्ल थेंबाथेंबाने २४ तास देत राहावे. (आम्ल सौम्य करताना नेहमी आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही.) एक मिलिलिटर एक नॉर्मल द्रावणात ०.०४९ ग्रॅम आम्ल असते. समजा दिवसभरात २० मिलिलिटर खर्च झाले, तर ५० ग्रॅम दगडाने ०.९८ ग्रॅम आम्ल गिळले, म्हणजे टनामागे सुमारे २० किलो. दगडात कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचे खनिज, जास्त असेल, तर हा आकडा कितीतरी वाढतो, आणि तसा दगड या पद्धतीसाठी सरळ नाकारावा. सामूमापक केवळ ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांवर जुळवून चालत नाही, १.६८ चे प्रमाणित द्रावण मिळते, ते वापरावे.

पाण्याबद्दल इंदूरकरांना वेगळे सांगणे आवश्यक आहे. नळाला येणारे नर्मदेचे पाणी क्लोरीन घातलेले असते आणि क्लोरीन तर जिवाणू मारण्यासाठीच घालतात. बोअरचे पाणी त्याहून अडचणीचे, कारण माळव्याच्या काळ्या पाषाणातून आलेल्या त्या जड पाण्यातील बायकार्बोनेट आम्ल खाते. संवर्धनासाठी ऊर्ध्वपातित पाणीच घ्यावे. स्तंभ, म्हणजे दगड भरलेला उभा पाइप, धुण्यासाठी नळाचे पाणी रुंद तोंडाच्या बादलीत दोन दिवस उघडे ठेवून वापरले तरी चालते. सामू खाली आणण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण क्लोराइड या जिवाणूला सोसत नाही.

जिवाणू वाढवणे

मूळ संवर्धन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहाकडे किंवा चंडीगडच्या सूक्ष्मजीव संग्रहाकडे विचारणा करून मिळवावे. वाढीसाठी सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी १९५९ मध्ये दिलेले ‘९-के’ माध्यम आजही वापरले जाते. एका लिटरमध्ये अमोनियम सल्फेट ३ ग्रॅम, डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ०.५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.१ ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट ०.०१ ग्रॅम आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ४४.२२ ग्रॅम. इतक्या हिराकसात लिटरमागे सुमारे नऊ हजार मिलिग्रॅम लोह येते, त्यावरून माध्यमाचे नाव पडले. हिराकस सोडून बाकीचे क्षार ७०० मिलिलिटरमध्ये विरघळवून ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करावेत. हिराकसाचे ३०० मिलिलिटर आम्लयुक्त द्रावण मात्र तापवू नये, ते गढूळ होते. ते सूक्ष्म गाळणीतून गाळून मग मिसळावे. सामू १.८ ते २ च्या दरम्यान ठेवावा.

शंभर मिलिलिटर माध्यमात दहा मिलिलिटर जुने संवर्धन घालून ३० अंश सेल्सियसला हलत्या मंचावर ठेवावे. शेजारी तसाच एक चंबू जिवाणूंशिवाय ठेवावा. फिकट हिरवट पाण्याचा रंग आधी लिंबाच्या सालीसारखा, मग मधासारखा आणि आठवडाभरात काळ्या चहासारखा तांबूस होतो, तर शेजारचा चंबू तसाच हिरवट राहतो. विद्यार्थ्याला फेरस आणि फेरिक यांतील फरक फळ्यावर जितका समजत नाही, तितका या दोन चंबूंकडे पाहून समजतो.

हंगामाचाही विचार करावा. या जिवाणूला २८ ते ३५ अंश मानवतात. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो अक्षरशः गोठून बसतो, आणि मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो टिकत नाही. जुलैअखेर सुरू करून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा.

स्तंभ रचणे

तीन इंची पीव्हीसी पाइपचा ९० सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा, खालच्या टोपणाला भोक पाडून नळी बसवावी आणि सर्व सांधे प्लास्टिकचेच ठेवावेत, कारण पितळी तोटी बसवली तर त्या तोटीतलेच तांबे मोजण्याची वेळ येते. दगड ६ ते १२ मिलिमीटरच्या तुकड्यांत फोडावा. बारीक चुरा चाळून बाजूला काढावा, नाहीतर तो पाण्याची वाट बुजवतो. स्तंभाची रुंदी सर्वांत मोठ्या तुकड्याच्या सहापट तरी असावी, म्हणजे पाणी कडेकडेने पळून जात नाही. या पाइपमध्ये ७५ सेंटिमीटर उंचीपर्यंत साधारण पाच किलो दगड मावतो, आणि त्यात ०.८ टक्के तांबे असेल, तर एकूण तांबे झाले ४० ग्रॅम.

दगडाखाली आधारासाठी एक थर लागतो, आणि येथे आमची पहिल्या वर्षी फजिती झाली. बांधकामावरची काळी गिट्टी हाताशी होती, ती धुऊन खाली पसरली. वरून सामू १.८ चे द्रावण सोडावे आणि खालून ४ च्या वरचे पाणी यावे, असे आठ दिवस चालले. आम्ही जिवाणूंना दोष दिला, संवर्धन बदलले, सामूमापक पुन्हा पुन्हा जुळवला. नवव्या दिवशी एका विद्यार्थिनीने गिट्टीचा एक तुकडा काचेच्या बशीत ठेवून त्यावर ड्रॉपरने आम्लाचा थेंब सोडला. काळ्या दगडातले टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके बारीक आवाज करत फेसाळू लागले. माळव्याच्या बेसाल्टमधील पोकळ्यांत कॅल्साइट भरलेले असते, हे भूगोलाच्या तासाला मीच कधीतरी सांगितले असणार. तेव्हापासून आम्ही काचेच्या गोट्या वापरतो (इंदुरात त्यांना कंचे म्हणतात). पाच सेंटिमीटरचा थर, त्यावर नायलॉनची जाळी, त्यावर दगड.

द्रावण थेंबाथेंबाने सोडण्यासाठी महागडा पंप घेण्याची गरज नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा सलाइनचा सेट अगदी योग्य आहे. सामान्यतः चौरस मीटरला ताशी ५ ते १० लिटर हा सिंचनाचा दर ठेवतात. आपल्या पाइपचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर आहे, त्यामुळे ताशी ४० मिलिलिटर हा दर मर्यादेत बसतो; सेटच्या २० थेंबांचा एक मिलिलिटर होत असेल, तर मिनिटाला साधारण १३ थेंब. घड्याळ समोर ठेवून चाकी फिरवत हे जुळवावे आणि दररोज सकाळी पुन्हा मोजावे, कारण सेटच्या कक्षातील गाळणीत हळदीसारखा पिवळा गाळ साचून थेंब मंदावतात. हा गाळ म्हणजे जॅरोसाइट, फेरिक लोहाचा क्षार. सामू २ च्या वर गेला की तो झपाट्याने पडतो आणि दगडावर लेप चढवून काम थांबवतो. याच कारणासाठी स्तंभाला पूर्ण ‘९-के’ माध्यम देऊ नये. हिराकस लिटरमागे ५ ग्रॅमवर आणावे, बाकीचे लोह दगडातूनच येते. हवेसाठी तळाशी मत्स्यपेटीचा लहान पंप जोडावा.

प्रथम नुसते आम्लयुक्त पाणी फिरवावे. खालून येणाऱ्या पाण्याचा सामू २ च्या खाली स्थिरावला की मगच अर्धा लिटर तयार संवर्धन वरून सोडावे. ही घाई बहुतेक जण करतात: दगडाची आम्लाची भूक भागलेली नसताना जिवाणू सोडतात आणि ते वाटेतच मरतात. त्यानंतर पाच लिटर द्रावण बादलीतून वर, स्तंभातून खाली असे फिरत राहते. वहीत रोज चार नोंदी होतात: वर दिलेले पाणी, खाली आलेले पाणी, सामू आणि घातलेले आम्ल. बाष्पीभवनाची तूट ऊर्ध्वपातित पाण्याने भरावी. प्लॅटिनम इलेक्ट्रोड असेल, तर द्रावणाचा विभव, म्हणजे विद्युतदाब, तोही नोंदवावा. तो चढत असेल, तर फेरिक वाढत आहे आणि जिवाणू जिवंत आहेत.

तांबे किती आले ते कळण्यासाठी आठवड्यातून एकदा दहा मिलिलिटर द्रावणात, खिडकीजवळ बसून, अमोनियाचे द्रावण जास्तीचे घालावे. लोहाचा विटकरी साका बसतो, तो गाळून काढला की खाली गडद निळे पाणी उरते. मोरचुदापासून बनवलेल्या माहीत तीव्रतेच्या नमुन्यांशी हा निळा रंग वर्णमापकावर ताडून पाहावा. अपेक्षा मात्र माफक ठेवावी. दगडात मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचे हिरवे कार्बोनेट, असेल, तर तो नुसत्या आम्लाने काही दिवसांत विरघळतो आणि त्याचे श्रेय जिवाणूंना देऊ नये. चाल्कोपायराइटवर मात्र ३० अंशांना स्वतःचाच एक निष्क्रिय थर चढतो आणि काम रेंगाळते. तीन महिन्यांत चौथा हिस्सा तांबे सुटले, तरी ते वर्ष चांगले गेले असे आम्ही धरतो.

द्रावणातून तांबे उतरवणे

पाच लिटरमध्ये दहा ग्रॅम तांबे जमले, तर ते लोखंडावर उतरवता येते. चीनमध्ये सोंग राजवटीत, अकराव्या शतकात, ही रीत मोठ्या प्रमाणावर चालत होती. हिशेबाने १० ग्रॅम तांब्याला ८.८ ग्रॅम लोखंड पुरते. प्रत्यक्षात दीडपट ते दुप्पट लागते, कारण उरलेले फेरिक आणि आम्ल दोघेही लोखंडात वाटा मागतात. सांवेर रोडवरील कोणत्याही लेथच्या कारखान्यात लोखंडाचा कीस मिळतो. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तो दोनदा खळबळून तेल काढावे. जस्त चढवलेले खिळे टाकू नयेत, ते जस्त द्रावणात उतरते. हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास ज्योत नसावी.

प्रथम तांबूस पाणी फिकट हिरवे होते, मग किसावर गुलाबीसर साय धरते आणि तासाभरात ती विटेच्या रंगाची भुकटी होऊन खाली गळू लागते. ही भुकटी किंचित आम्लयुक्त पाण्याने, नंतर साध्या पाण्याने आणि शेवटी स्पिरिटने धुऊन लगेच वाळवावी, नाहीतर ती काळवंडते. तिच्यात लोखंड मिसळलेले असतेच. कारखान्यांत याऐवजी रॉकेलसारख्या द्रवात विरघळवलेल्या सेंद्रिय अभिकर्मकाने तांबे वेचून घेतात आणि ते विजेने पत्र्यावर चढवतात. किलोमागे सुमारे दोन युनिट वीज लागते, पण तांबे ९९.९९ टक्के शुद्ध मिळते.

तांबे काढून उरलेले हिरवे पाणी विद्यार्थी हमखास मोरीत ओतायला निघतात. ते पाणी म्हणजे आयते हिराकस आहे. सामू १.८ वर आणून ते पुन्हा स्तंभावर सोडावे. जिवाणूंचे अन्न विकत आणावे लागत नाही आणि वहीच्या उजव्या पानावर काही लिहावेही लागत नाही. असे तीन-चार फेरे सहज होतात. त्यापुढे लोह आणि सल्फेट इतके साचते की काही भाग बाहेर काढणे भाग पडते.

उरलेले

बाहेर काढलेल्या पाण्यात आधी चुनखडीची पूड घालून सामू ४ पर्यंत आणावा, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्याने सामू एकदम उसळत नाही. नंतर हवा फुंकत विरलेला चुना घालून तो ८.५ ते ९ वर न्यावा, म्हणजे फेरस लोह आणि उरलेसुरले तांबे हायड्रॉक्साइड होऊन बसते. एक किलो गंधकाम्लाला ७५५ ग्रॅम विरलेला चुना लागतो आणि त्यातून १.७५ किलो जिप्सम तयार होते. म्हणजे सुरुवातीला मोकळ्या हाताने ओतलेले आम्ल शेवटी पावणेदोनपट गाळ बनून समोर येते, आणि डाव्या पानावरची काटकसर येथे वसूल होते. वरचे निवळ पाणी तांब्यासाठी तपासून मगच सोडावे. इंदुरात कचरा वेगवेगळा करून देण्याची सवय आता अंगवळणी पडली आहे, तरीही हा गाळ महापालिकेच्या गाडीत कोणत्याच कप्प्यात टाकू नये. वाळवून, तोलून, नावाची चिठ्ठी लावून तो महाविद्यालयाच्या घातक कचऱ्यासोबत अधिकृत संस्थेकडे द्यावा. आपल्याकडे त्याचे ठिकाण पीथमपूर. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा तेथे नेला गेला, तेव्हापासून ते नाव सर्वांच्या परिचयाचे आहे.

इतर धातूंविषयी थोडक्यात सांगायचे, तर सोन्यासाठी सायनाइडला पर्याय म्हणून थायोसल्फेट वापरता येते, आणि अमेरिकेतील गोल्डस्ट्राइक येथे २०१४ पासून ते औद्योगिक प्रमाणावर वापरले गेले. स्वीडनमध्ये २०२१ साली कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजाचे क्षपण करून, म्हणजे त्यातील ऑक्सिजन काढून, पहिले स्पंज लोखंड काढले गेले. न्यू कॅलेडोनियातील एका झाडाचा चीक निकेलमुळे निळा-हिरवा असतो, आणि अशा वनस्पती पिकवून निकेल काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. आमच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातील दुसरा प्रयोग बालाघाटच्याच मँगनीजचा आहे: सौम्य गंधकाम्लात थोडी काकवी घातली की तिच्यातील साखर मँगनीज डायऑक्साइडचे क्षपण करते आणि एरवी न विरघळणारे ते खनिज विरघळते. तो सविस्तर पुन्हा कधीतरी.

स्तंभातील दगडाचे काय करावे, हा प्रश्न राहतो. त्यात चाल्कोपायराइट शिल्लक आहे आणि जिवाणूही जिवंत आहेत, त्यामुळे तो बागेत पसरला, तर पावसाळ्यात तेथे लहानशी आम्लगळती सुरू होईल. तो चुन्याच्या निवळीने धुवावा, अर्धा किलो नमुना चुनखडीच्या पुडीत मिसळून, ओला करून, झाकण सैल ठेवलेल्या बरणीत भरावा आणि दर आठवड्याला त्याच्या पाण्याचा सामू पाहावा. तो ६ च्या खाली उतरला, तर चुनखडी कमी पडली असे समजून उरलेल्या दगडातही वाढवावी. परीक्षा झाल्यावर प्रकल्पाचे विद्यार्थी निघून जातात. बरणीच्या नोंदी त्याच वहीत पुढच्या तुकडीकडून करून घ्याव्यात.